फॉस्फरस आणि जवसाचं तेल

२८ एप्रिल १९६२, शनिवार

हिलालचा हात भाजला. माझ्यामुळे!

सुट्टी लागली म्हणून प्रयोगशाळा आवरत होतो — मी आणि आमचा शिपाई हिलाल. फॉस्फरसच्या बरणीला तडा गेलेला, पाणी झिरपत होतं. पिवळा फॉस्फरस पाण्याबाहेर राहिला की हवेतच पेट घेतो. कांड्या दुसऱ्या बरणीत हलवणं आलंच. चिमटा कपाटात, कपाटाची किल्ली घरी, आणि म्हसावदला जायची माझी गाडी तासाभरात. म्हणालो, "हातानंच उचल रे, ओलं आहे तोवर काही होत नाही." त्यानं उचललं. चण्याएवढा तुकडा तळहाताला चिकटून राहिला, सुकला, पेटला. पांढरा धूर, लसणाचा वास. हिलाल ओरडलासुद्धा नाही. पेटता तळहात तसाच माझ्यापुढे धरला.

हात पाण्यात बुडवला — विझलं. बाहेर काढला — पुन्हा धूर! मग शाळेमागे घरी धावलो. बायकोनं, वत्सलानं, जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी घोटून दिली, ती जखमेवर थापली. धूर थांबला. लहानपणी चुलीवर भाजलं की आई हेच लावायची. चुनीलाल कंपाउंडरनं वरून पट्टी बांधली. म्हणाला, तेल लावलंत ते उत्तम केलंत. हिलाल बैलगाडीनं कोरीटला आपल्या घरी गेला. माझी गाडी चुकली.

२९ एप्रिल

हेडमास्तरांनी चारचौघांत पाठ थोपटली. प्रसंगावधान म्हणे!

दुपारी पुस्तक उघडलं. फॉस्फरस पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो — हे मी दरवर्षी नववीला फळ्यावर लिहून देतो! तेलात विरघळला की कातडीतून रक्तात, रक्तातून यकृतात. भाजलेला भाग पाण्याखाली ठेवावा, मोरचुदाच्या पातळ पाण्यानं धुवावा, कण वेचून काढावेत. तेल, तूप, लोणी लावू नये. लावू नये!

आणि मोरचूद कुठे होतं? त्याच कपाटात. किल्ली घरीच होती, तेल आणायला मी घरीच गेलो होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बी.एस्सी.!

पुढचं लिहवत नाही. आधी मळमळ, उलट्या. मग रोगी सुधारल्यासारखा वाटतो, खातो-पितो. आठवड्याभरात कावीळ. तिथून फारसे परत येत नाहीत.

३० एप्रिल

सायकलवर कोरीटला गेलो, मोरचुदाच्या पाण्याची बाटली पिशवीत घालून. हिलालची बायको धनुबाई पट्टी सोडू देईना. माझ्या नजरेला नजर देईना. हिला कळलं की काय? कोण सांगणार?

हिलाल ओसरीवर भाकरी खात होता. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात चल म्हटलं, तर हसला. "इतलासं भाजनं, त्यानाकरता धुळं? आखाजी उनी, मास्तर." अक्षय्य तृतीया आठवड्यावर, सण सोडून कशाला येतोय; खरं कारण सांगितलं असतं तर आला असता. जीभ उचलली नाही. बाटली तशीच परत आणली.

१ मे

उलटी नाही, ताप नाही, असा निरोप आला. खातोय-पितोय म्हणे. पुस्तकात तसंच लिहिलंय.

३ मे

धुळ्याच्या डॉक्टरांना सगळं पत्रात लिहिलं. फाडलं. नोकरी जाईल म्हणून? हो, म्हणूनच! इथे तरी खरं लिहावं.

वत्सला विचारते, जेवत का नाही. ऊन बाधलं म्हणून सांगितलं. तिनं कांदा खिशात ठेवायला दिला. मला रडू आलं.

५ मे

पुन्हा कोरीट. हिलाल म्हशीच्या गमती सांगत होता आणि मी त्याच्या डोळ्यांतलं पांढरं बघत होतो. या उन्हात सगळंच पिवळं दिसतं! धनुबाई मला बघून आत निघून गेली, निघेपर्यंत बाहेर आली नाही. तिला नक्की कळलंय. देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, तो जगू दे.

७ मे, आखाजी

गावभर झोके, बायकांची गाणी. कोरीटला जायचं धाडस झालं नाही.

१० मे

धनुबाई आली. एकटीच. मी ओळखलं, संपलं. दाराला धरून उभा राहिलो.

ती पायाच पडली. रडत सांगू लागली. त्या दिवशी सांज झाल्यावर घरात अंधार पडला, तर पट्टीतून हात चमकत होता! तो उरलेला फॉस्फरस; ती मात्र बाहेरची बाधा समजून घाबरली. पट्टी फाडली, साबण लावून सगळं तेल काढलं आणि चमक जाईतोवर हात पाण्याच्या घमेल्यात दाबून धरला; मग वर दुसरी पट्टी बांधली. "मास्तर, तुम्हनं औसद मी धुई टाकं. माले माफ करा." इतके दिवस त्याच भीतीनं तोंड चुकवत होती. हिलाल ठणठणीत आहे, म्हशी चारायला गेलाय.

खाली बसलो आणि सांगून टाकलं — ते औषध नव्हतं बाई, विष होतं. तू धुतलंस म्हणून तो वाचला. हातानं उचल असंही मीच सांगितलं होतं.

ती पदर सावरून उठली.

"हाई त्यास्ले सांगू नका, मास्तर. त्यास्ना तुम्हनावर भलता भरोसा शे."