काकांना दिसेनासं झालं तेव्हा

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. अक्षर गिचमिड दिसलं तर घाबरू नकोस. बोटाला जराशी काच लागली होती, आता भरत आलंय. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग, बाबांसारखं "ठीक आहे" नको.

आमच्या काचेच्या कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या कारागिराला आम्ही काच कापणाऱ्या सात जणी काका म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं, की काकांना टेपवरचे आकडे दिसत नाहीत. मालकांना सांगावं तर त्यांचं काम जाईल, काकांनाच विचारावं तर ते ओशाळतील. म्हणून मी त्यांच्या शेजारी उभी राहून प्रत्येक माप मोठ्याने वाचायला लागले, जणू माझी सवयच आहे. आठवड्याभरात कोणी काही न बोलता सगळ्याच जणी तसं वाचू लागल्या.

एक दिवस काका हातातली काच खाली ठेवून म्हणाले, "पोरींनो, मला कमी दिसतं. ऐकायला चांगलं येतं."

मग ते स्वतःच मालकांकडे गेले. आम्ही सातही जणी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिलो. मालकांनी आमच्याकडे पाहिलं आणि ते काकांना म्हणाले, "आधी मोतीबिंदू काढून घ्या. जागा तुमचीच आहे."

काल काका परत आले. उजेडात उभं राहून त्यांनी आम्ही कापलेल्या काचा एकेक करून निरखल्या. "इतक्या वाकड्या कापता होय? दिसत नव्हतं तेच बरं होतं."

आई, बोलणी खाताना इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

धाकटीचा अभ्यास कसा चाललाय, ते कळव.

तुझी,
थोरली