माधवचा शेवटचा फोन

११ जानेवारी
मंडळातून सुनंदाचा फोन. सव्वीस तारखेला माधवच्या फोटोला हार, मला शाल-श्रीफळ. दरवर्षीचंच. म्हटलं, अगं, शालींनी कपाट भरलंय, डमडमला थंडी ती केवढी! तर म्हणते, "परमवीरचक्र मिळालेल्या माणसाची बायको तू. कोलकात्यातल्या मराठी लोकांना मिरवायला दुसरं आहे कोण?" हो म्हटलं. तिला नाही म्हणताच येत नाही मला. माधव गेल्यानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका नजर चुकवत होत्या, तेव्हा हिनं सगळ्यांदेखत मला कुंकू लावलं होतं.

१५ जानेवारी
मुग्धा हल्ली न्यू टाउनच्या ऑफिसातून परस्पर सुनंदाकडे जाते. विचारलं तर, "सरप्राइज आहे आई, तू पुछू नको." पुछू! लेकीचं मराठी इथेच वाढलं, लंगडत लंगडत. वाचता तर येतच नाही. पण मंडळात आपणहून जातेय, बरंच आहे.
तिळगूळ दगड झालाय. वाटून टाकावा, दुसऱ्यांचे दात.

२६ जानेवारी
लिहवत नाही. तरी लिहिते.
माझी शाल झाली आणि मुग्धा स्टेजवर आली. हातात कागद, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. "माझ्या बाबांचं आईशी फोनवर शेवटचं बोलणं," म्हणाली आणि वाचायला लागली. "मुग्धाला सांग, तिचा बाबा आता एकट्या तिचा नाही, साऱ्या देशाचा आहे." तिथेच तिला रडू फुटलं. हॉल उभा राहिला. पदर, रुमाल. मीही उभी राहिले, करते काय?
माधव असं काही बोललाच नव्हता. लेक अडीच वर्षांची, मी इथे आईकडे आलेली. तो म्हणाला, "इलिश मासा आणलाय ना तुमच्याकडे? पोरीला देऊ नकोस, काटे फार असतात. ठेवतो, मागे रांग आहे." एवढंच. मग लढाई. मग तो पेटीतूनच आला.
हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. मुग्धालाही नाही, बोलायला गेलं की मी विषयच बदलायचे. फक्त सुनंदाला.

२७ जानेवारी
सुनंदाला फोन केला.
"अगं, माशाचे काटे काय स्टेजवरून सांगायचे? लोक हसले असते. मी माधवचा मान राखला."
राष्ट्रपतींच्या हातून ज्याचं पदक मी घेतलं, त्याचा मान ही राखणार! म्हटलं, माझं होतं ते, तुला विश्वासानं दिलं होतं.
"तुझं एकटीचं कसं? तो सगळ्यांचा आहे."
फोन ठेवला. कुंकू लावलं म्हणून नवरा लिहायला दिला नव्हता तुला, हे मात्र तोंडातच राहिलं. केसानं गळा कापला बाईनं. जिचा हात धरून उभी राहिले तिनंच. दिवसभर चूल थंड. मुग्धानं बाहेरून काहीतरी मागवलं.

२९ जाने.
मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ. "परमवीराचे अखेरचे शब्द". खाली नुसते जोडलेले हात. कुणालाच कळणार नाही. आणि मला तो आता त्याच वाक्यात ऐकू येतो, खराखुरा आवाज मागे मागे सरकतोय. याचाच राग सगळ्यात जास्त.

१ फेब्रु.
मुग्धाला बागबाजारच्या एका शाळेत वाचायला बोलावलंय. उद्या. आत्ताच चहा घेता घेता म्हणाली, "आई, मला बाबांचं काहीच याद नव्हतं. चेहरा पण फोटोतला. हे वाचताना पहिल्यांदा वाटलं की ते माझ्याशी बोलले."
वाटलं सांगावं, बोलला होता गं, तुझ्याबद्दलच बोलला होता, तुझ्या घशात काटा अडकू नये म्हणून. तुला टाकून देशाचा झाला नव्हता तो. पण मग ते वाक्य जाईल. त्याच्या जागी एवढासा मासा पुरेल का तिला?
"सुनंदामावशी बोलली, तूच सांगितलं तिला. हो ना?"
"आंघोळ करून ये आधी," म्हटलं.
नळ बंद झाला. येतेय.