तिजोरीचा असहकार

१२ नोव्हेंबर १९९१, मंगळवार

या घरात आता कान शाबूत असलेला एकही कप उरलेला नाही, याची नोंद व्हावी! महिन्याभरात तिसरा फुटला. वांकिडीचा एकमेव मराठी वार्ताहर, त्यात काव्यतीर्थ — आणि चहा पितो पंचपात्रीतून, आचमन करावं तसा! आमच्या मंडळींना, म्हणजे जयवंताबाईंना, जाब विचारला. "निसटते हातातून, मी काय करू? गुळगुळीत येऊन राह्यले कप आजकाल."

त्यात लोखंडी तिजोरीनं असहकार पुकारलाय. चावी आत जाते, अर्धी वळते, थांबते. लक्ष्मी चंचला असते असं पाठशाळेत शिकलो. आमची ठाण मांडून बसली. आत आशाचे मूळ दाखले. वीस तारखेला आदिलाबादला शिक्षिकेच्या जागेसाठी पोरीची मुलाखत. दाखले नसले तर दारातूनच परत.

"बाबा, तुमीच फिरवून पाहा ना."

छे! आमच्या आईचा नियम — तिजोरी घरच्या लक्ष्मीनंच उघडायची. पुरुषानं चावी फिरवली की लक्ष्मी रुसते. आई गेली, नियम राहिला. बावीस वर्षं चावी जयवंताबाईंच्या कमरेला आहे.

१३ नोव्हेंबर

खोबरेल घातलं. चावीला सुगंध आला. बाकी जैसे थे.

१४ नोव्हेंबर

शेजारचे नागोराव दुकान सोडून सल्ला द्यायला आले. "पंडितजी, एक बुक्की हाना. आमचा रेडिओ तसाच चालते." हाणली. तिजोरी गप्प, माझी बोटं सुजली. संपादकांना तार करावी काय — 'वांकिडीत तिजोरी बंद; जनता शांत.'

१५ नोव्हेंबर

दोष सापडला! टॉर्च धरून भोकात पाहिलं, आशाच्या केसातल्या आकड्यानं उकरलं. हळद, कुंकू, तुपाचा काळा गोळा आणि अक्षतांचे अकरा दाणे! दर लक्ष्मीपूजनाला आम्ही तिजोरीला कुंकू लावतो ते थेट कुलपाच्या तोंडात. बावीस वर्षांची भक्ती तिथं साचलेली.

"लक्ष्मीला अपचन झालंय," मी जाहीर केलं.

"हसा! यंदाचं तूप तुमीच थोपलं व्हतं."

खरं आहे. रॉकेलनं धुऊन काढलं. मग जयवंताबाईंनी चावी घातली — अर्धी वळली, थांबली! उजवं मनगट डाव्या हातानं धरून जोर करून राहिल्या होत्या. "लय कडक झाली हो."

१७ नोव्हेंबर, रविवार

भाकरी एका बाजूला जाड, दुसरीकडे कागद. तक्रार केली नाही. माझा मोठेपणा कुणाच्या लक्षात आला नाही. आशा दोन दिवस धड बोललेली नाही.

१८ नोव्हेंबर

आसिफाबादहून मोतीराम कुलूपवाले आले. म्हातारा माणूस, तिजोरीपुढे मांडी घालून बसला, वैद्यानं नाडी पाहावी तसा. चावी मागितली. जयवंताबाई देईनात — परक्या पुरुषानं तर मुळीच नाही!

"मंग पोरीले द्या. थे बी लक्ष्मीच हाय ना घरची?"

या पक्षावर शास्त्रार्थ झाला नाही. आशानं चावी घातली. दोन बोटांनी फिरवली.

खट्! उघडली.

दाखले निघाले. आशा रडली, हसली. जयवंताबाईही हसल्या, "मेली माह्यावरच रुसली व्हती!" मीही हसलो. पदराआड त्या हात चोळत होत्या.

मोतीरामना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. ते हळूच म्हणाले, "पंडितजी, कुलपाले काई झालं नाई. बाईचा हात दाखवा कोनाले."

१९ नोव्हेंबर

उद्या आशाबरोबर तिलाही आदिलाबादला नेतो. कप घ्यायचेत, असं सांगितलंय. डॉक्टरचं नाही सांगितलं.

आज कमरेच्या चावीची गाठ तिला सुटेना. मी सोडवून दिली. तिची मूठ नीट वळत नाही. महिनाभर मी कप मोजत बसलो. मला फार भीती वाटते.