मिस ऑग्डेनची साडेतीनशे पाने

सुमारे चार हजार अप्रकाशित कादंबऱ्या वाचण्यापायी माझे काय गेले, तर उजवा डोळा, पाठीचा ताठा आणि एक ठरलेले लग्न. उरलेला डोळा, डोके व कान ठणठणीत असताना मी, एनॉक टिबल, वय एकसष्ट, राहणार हॉलोवे, लंडन, कोणाच्याही दडपणाविना माझ्या मृत्यूनंतरची ही व्यवस्था लिहून ठेवतो.

मी प्रकाशकाकडे पार्सले बांधायला लागलो आणि त्याचा वाचक झालो. म्हणजे आलेले बाड छापायचे की परत धाडायचे, हे सांगणारा. माझी रीत एकच. पहिली दहा पाने मोठ्याने वाचायची. माणसे खरी बोलतात की नाही, ते कानाला कळते. एकोणतीस वर्षांत हा कान फसलेला नाही.

कलम १. माझी खुर्ची, दिवा व चष्मे घरमालकीण मिसेस शॉरॉक यांना द्यावेत. "मिस्टर टिबल, आजच्या गोष्टीत कोण मेलं? चहा निवतोय," असे त्या रोज दारातून विचारीत आल्या.

कलम २. शिल्लक सगळी मिस हेस्टर ऑग्डेन यांची कादंबरी छापण्याकडे लावावी. ही बाई ओल्डहॅमच्या कापडगिरणीत मागावर होती. १९०९ साली तिचे बाड मी वाचायला घेतले. पानामागून पान गेले, कोणी बोलेना. नुसती बायकांच्या ओठांची नि भुवयांची वर्णने. मी ते मिटणार, तोच विस्तवाला कोळसा घालायला आलेल्या मिसेस शॉरॉक, ज्या लहानपणी गिरणीत होत्या, माझे वाचन ऐकून म्हणाल्या, "अहो, बोलतायत की त्या. मागांच्या खडखडाटात आवाज कुठला? आम्ही ओठांवरनंच बोलायचो. वाचा पुढं."

मी वाचत गेलो. त्या कोळशाची बादली धरून उभ्याच, ओठ हलवीत. विस्तव विझला, कोणाला भान नव्हते. शंभराव्या पानापाशी मला ते ओठ ऐकू येऊ लागले. माणसाच्या हातून असे लिहून होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

छापा, असे मी कचेरीत कळवले आणि बाईंनाही पत्र घातले. मिस ऑग्डेनच्या बहिणीचे, मार्थाचे, पत्र आले: "हेस्टर जाऊन दोन वर्षं झाली. बाड मीच पुन्हा पाठवलं." आमचे मालक म्हणाले, "टिबल, मेलेली बाई दुसरं पुस्तक कुठून देणार? राहू दे." मार्थाच्या संमतीने बाड माझ्या पेटीत आहे.

कलम ३. पहिली प्रत मार्थाला. मालकांना फुकट देऊ नये.

कलम ४. "पुन्हा" या शब्दापायी मी कचेरीतली जुनी कपाटे उपसली. तिथे मिळालेला अभिप्राय सोबत आहे. तो पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापावा.

मिसेस शॉरॉक यांना वाटा असल्याने त्यांची साक्ष चालत नाही. म्हणून दोन्ही शेजाऱ्यांसमोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

एनॉक टिबल
साक्षीदार: सायलस बर्डेट, शिंपी; ओवेन प्राइस, टपाल कारकून
हॉलोवे, ९ मार्च १९१२

सोबत, अभिप्राय, सन १९०३: "मिस एच. ऑग्डेन. दहा पाने वाचली. माणसे बोलत नाहीत. परत करावे. ए. टिबल."