पायाच्या दोऱ्या

रविवार संध्याकाळ, निपाणी

आप्पांचा जुना कळसूत्री राजा आज ट्रंकेतून काढला. शाळेतल्या खेळासाठी त्याला चाकाच्या खुर्चीतला तो जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ करायचाय. बसलेल्या माणसाला पायाच्या दोऱ्या कशाला? कात्री घेतली. मग हात का थांबला? त्या गाठी आप्पांच्या. येळ्ळूरला हा राजा लई ऐटीत चालायचा, तेव्हा पडद्यामागं आप्पाही तशीच पावलं टाकायचे.

वहिनींनी कात्री बघितली. "तोडू नका भावजी, नुसत्या सैल सोडा. मामंजी शेवटी खुर्चीतच हुते, म्हणून पाय तोडलते व्हय त्यांचं?"

दोऱ्या सैल सोडल्या. राजाला खुर्चीत टेकवला. मान आपोआप डावीकडं कलली, थेट आप्पांसारखी.

वहिनींनी डोक्यावर पदर घेतला.