खाटेखाटेपाशी

४ जून

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

तू आम्हा नर्सना कॉम्प्युटर शिकवायला आलीस तेव्हा मी गोळ्यांचे डबे मोजायच्या निमित्ताने पळाले, हे तुझ्या आईला सांगितलंस ना? चोंबडी कुठली! आता माझं ऐक. तुझा कॉम्प्युटर आला आणि मेट्रनबाईंनी आमची फेरी बंद केली. पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला खाटेखाटेपाशी नेऊन पेशंटचं सगळं सांगते, तीच फेरी. आता म्हणे स्क्रीनवर वाचा आणि कामाला लागा.

परवा खिडकीजवळच्या आजोबांना नव्या नर्सने विचारलं, उपाशी आहात ना? आजोबा ठार बहिरे, कशालाही हसून मान डोलावतात. भूल देणार तेवढ्यात कळलं की त्यांनी चहा-बिस्किटं हाणलीत. ऑपरेशन टळलं, ठपका बिचारीवर. फेरीत मी हे एका वाक्यात सांगितलं असतं. मी राजीनामा देतेय.

जावयाला विचारलंय म्हणून सांग.
तुझी भडकलेली मावशी

११ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

राजीनामा दिलास तर याद राख! बहिरेपणा लिहायची जागा पहिल्याच पानावर आहे, लिहिलं की लाल पट्टी दिसते. ते भरायचं काम वॉर्डच्या मुख्य सिस्टरचं, म्हणजे तुझं. तू तेव्हा डबे मोजत होतीस. तरी फेरी हवीच. ती बंद करा असं आम्ही कधीच शिकवलं नाही, हे मी मेट्रनबाईंना लेखी कळवलंय. माझे साहेब चिडलेत, चिडू देत. आधी शीक, मग भांड.

राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझी पिटुकली

२ जुलै

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा कान पिळावासा वाटला. मग गुपचूप शिकायला बसले. दोन बोटांनी का होईना, पण आता माझ्या वॉर्डची एकही नोंद रिकामी नसते. आणि सोमवारपासून टॅब हातात घेऊन आमची फेरी पुन्हा सुरू झाली आहे. आजोबांचं ऑपरेशनही नीट झालं.

मेट्रनबाईंनी विचारलं, परवानगी कुणाची? म्हटलं, कुणाचीच नाही. लगेच मेमो आला, हुकूम का मोडला म्हणून. खुलासा मी स्वतः टाइप केला. लिहिलं, पेशंटसमोर उभं राहिल्याशिवाय मी वॉर्ड कुणाच्या हवाली करणार नाही. फेरी उद्याही होईल. काढायचं असेल तर काढा, पण मला येत नाही म्हणून काढलं असं लिहू नका. मला सगळं येतं.

तुझ्या साहेबांना घाबरू नकोस.
तुझी मावशी