शिडीवरचं बोलणं

ता. ९ जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दादा गेला त्या दिवशी सकाळी मी काय काय केलं, ते तुला एकदा धड सांगायचं आहे. फोनवर ते जमत नाही, म्हणून लिहितो.

देवापुढे दिवा लावला, रंगाचे डबे ढवळले आणि आम्ही दोघं औषधांच्या दुकानाची पाटी रंगवायला गेलो. आमची रीत तुला ठाऊक आहे. दादा वर, मी खाली शिडी धरून. खालच्यानं वर बघितलं तर डोळ्यांत रंग पडतो, म्हणून वरच्यानं सारखं बोलत राहायचं. बोलणं चालू, म्हणजे माणूस ठीक. त्या दिवशी तो वहिनीच्या नावानं कुरकुरत होता. सदऱ्याचं गळ्याचं बटण तिनं असं टाचलंय की जीव गुदमरतोय, संध्याकाळी घरी जाऊन तिला बघतोच, म्हणाला. मी खालून हसलो. म्हटलं, तुझा गळा कुणीतरी आवळायलाच हवा होता. त्यावर उत्तर आलं नाही. तोच खाली आला.

डॉक्टर म्हणाले, हृदय वरच बंद पडलं होतं, बटणाचा काही संबंध नाही. पण मी हसलो होतो, ताई.

वहिनीनं विचारलं, शेवटी काय बोलले. बटणाचं कसं सांगू? आपल्याच हातानं घात झाला, असं तिला वाटलं असतं. मी सांगून टाकलं की देवाचं नाव घेतलं. जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. तेव्हापासून इतके महिने देवापुढे बसलो की मान वर होत नाही, आणि वहिनीच्या घराकडे पाऊल वळत नाही. घरात कुणी जरा गप्प झालं की उठून बघायला जातो. बायको अंघोळीला गेली तरी दाराबाहेरून हाका मारतो. ती विचारते, साबण लावू की हजेरी देऊ.

दाजींना नमस्कार. तुझा हात पाठीवर असू दे.

तुझा,
धाकटा


ता. १६ जुलै

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू लहानपणापासून असाच. दुसऱ्याला टोचू नये म्हणून काटा लपवून ठेवायचास, आणि नेमकं कुणीतरी त्याच्यावरच बसायचं.

मागच्या महिन्यात वहिनी माझ्याकडे चार दिवस राहून गेली. ती जे बोलली ते तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आता कळवते. लोक तिला सांगतात, काय भाग्याचं मरण! ती मान हलवते. पण भाजी निवडता निवडता मला म्हणाली की वन्सं, जन्मात कधी देवळाची पायरी चढले नाहीत आणि शेवटी आठवला तो देव. माझं नाव काही तोंडात आलं नाही. मग मी एवढा संसार केला तो कुणाशी? मी नुसती भाजी निवडत राहिले. मला तरी कुठे ठाऊक होतं!

बटणाचं ऐकून तिला लागेल, हे खरं. पण जे तिचं आहे, ते तू धरून बसला आहेस. पत्रानं कळवू नकोस, मला मध्ये घालू नकोस. स्वतः जा. आणि बायकोला सुखानं अंघोळ करू दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तशीच आहे.

तुझी,
ताई


ता. २ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून वहिनीच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरत होतो. काल आत गेलो. दार उघडून तिनं विचारलं, भाऊजी, वाट चुकलात का? पाणी दिलं. पेला हातात तसाच धरून मी सगळं सांगितलं. बटण, गुदमरणं, माझं हसणंसुद्धा. म्हटलं, त्यानं देवाचं नाव घेतलं नव्हतं, तुझंच घेतलं होतं.

तिनं माझ्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. मग म्हणाली की ते बटण तिनं लावलंच नव्हतं. आदल्या दिवशी दोघांचं बिनसलं होतं, म्हणून त्यानंच रागारागानं सुईत दोरा ओवला आणि बटण नको तिथे टाचलं. आणि वर नाव माझं, असं म्हणून ती हसायला लागली. तोंडावर हात दाबून हसली, आणि तसंच हसता हसता तिला रडू फुटलं. दादा गेला त्या दिवशीसुद्धा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मी उठायला लागलो, तर म्हणाली, थांबा. संध्याकाळी बघतोच, हे ते कसं म्हणाले ते त्यांच्यासारखं म्हणून दाखवा. मला कसली नक्कल येते? तरी म्हणून दाखवलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं.

मग डोळे पुसून तिनं विचारलं की हे मला तेव्हाच का नाही दिलंत? मी त्यांच्यावर रुसून बसले होते, भाऊजी. गेलेल्या माणसावर.

देवाची क्षमा मागता येईल, पण तिचे रुसव्यात गेलेले महिने मी कुठून परत आणू? फार उशीर केला, ताई. पण गेलो, आणि तिच्या समोर बसून, माझ्या तोंडानं सांगितलं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा